लेसरचा प्रकाश सगळीकडून सारखा कसा पाडायचा?

लाडू वळणाऱ्या हाताकडे कधी नीट पाहिले आहे का? मुठीत घेतलेले मिश्रण एकदाच दाबून लाडू होत नाही. तळवा मध्ये खोलगट असतो, कडेला फुगीर असतो आणि बोटांच्या मधे फटी असतात. एकदाच जोरात दाबले, तर मिश्रण त्या फटींतून बाहेर येते. म्हणून थोडे दाबायचे, थोडे फिरवायचे, पुन्हा दाबायचे. कोणत्याही एका क्षणी हाताचा दाब असमानच असतो, पण फिरवत राहिल्यामुळे तो सरासरीने सगळीकडे सारखा होतो आणि लाडू गोल होतो.

आता असा लाडू कल्पनेत आणू, की ज्याचा व्यास फक्त दोन मिलिमीटर आहे. तो बोटांनी नव्हे, तर प्रकाशाने दाबायचा आहे. दाबायला मिळणारा वेळ सेकंदाच्या काही अब्जांश भागांएवढा आहे. आणि तो इतका दाबायचा आहे, की त्याची त्रिज्या मूळच्या तिसाव्या हिश्श्याएवढी व्हावी. फुटबॉल दाबून वाटाण्याएवढा करावा, आणि तरीही त्याचा गोल आकार बिघडू नये, असे हे काम आहे. लेसरच्या साहाय्याने केंद्रक-संमीलन घडवण्याच्या प्रयत्नांत नेमके हेच करावे लागते.

लेसर-संमीलनाचा सगळा विषय या लेखात घेता येणार नाही. आम्ही त्यातला एकच प्रश्न घेतला आहे : इंधनाच्या गोळीवर सर्व बाजूंनी सारखाच प्रकाश कसा पाडायचा? प्रश्न दिसतो किरकोळ, पण त्याने पन्नास वर्षे शास्त्रज्ञांची परीक्षा पाहिली आहे. शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की त्याचे उत्तर समजून घ्यायला लागणारी साधने, म्हणजे पायथागोरसचा सिद्धांत, कोसाइन, प्रकाशाचे व्यतिकरण आणि सरासरी, ही सगळी शालेय आणि कनिष्ठ महाविद्यालयीन अभ्यासक्रमातच आहेत.

गोळी कशासाठी दाबायची?

हायड्रोजनची दोन जड भावंडे आहेत, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम. त्यांची केंद्रके एकत्र आली, की हेलियमचे केंद्रक आणि एक न्यूट्रॉन तयार होतो. त्यातून १७.६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी ऊर्जा बाहेर पडते. अडचण अशी, की दोन्ही केंद्रके धनभारित असल्यामुळे एकमेकांना दूर ढकलतात. त्यांनी पुरेशा वेगाने एकमेकांवर आदळावे म्हणून तापमान दहा कोटी अंशांच्या आसपास न्यावे लागते.

एवढा तापलेला पदार्थ कोणत्याही भांड्यात राहत नाही. तो क्षणात फुटून विखुरतो. मग विखुरण्याआधीच त्याने जळून घ्यावे, यासाठी काय करता येईल? इंधनाची घनता वाढवली, तर केंद्रकांच्या टकरी वाढतात आणि जळण्याचा वेग वाढतो. म्हणून गोळी दाबायची.

ही गोळी पोकळ असते. बाहेर प्लॅस्टिकचे किंवा हिऱ्याचे पातळ कवच, त्याच्या आतून गोठवलेल्या ड्यूटेरियम-ट्रिटियमचा थर, आणि मध्ये त्याच इंधनाचा विरळ वायू. लेसरचा प्रकाश पडला, की कवचाचा बाहेरचा पापुद्रा तापून प्लाझ्मा होतो आणि जोराने बाहेर उडतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे उरलेले कवच आत ढकलले जाते. अग्निबाणाचेच हे तत्त्व आहे. फरक एवढाच, की इथे अग्निबाण गोलाकार आहे आणि तो सगळ्या दिशांनी स्वतःच्या केंद्राकडे निघाला आहे.

१९७२ साली अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेतील जॉन नकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात या कल्पनेचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. हायड्रोजन त्याच्या द्रवरूप घनतेच्या दहा हजार पटींपर्यंत दाबता येईल आणि संमीलन घडवण्यास सुमारे एक किलोज्यूल लेसर-ऊर्जाही पुरेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात त्याच प्रयोगशाळेत ५ डिसेंबर २०२२ रोजी जेव्हा पहिल्यांदा गोळीवर रोखलेल्या लेसर-ऊर्जेपेक्षा अधिक संमीलन-ऊर्जा मिळाली, तेव्हा वापरलेली लेसर-ऊर्जा होती २.०५ मेगाज्यूल. म्हणजे पहिल्या अंदाजाच्या दोन हजार पट! या तफावतीची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक मोठे कारण म्हणजे, कागदावर गोळी सगळीकडून सारखी दाबली जाते, प्रयोगशाळेत ती तशी दाबली जात नाही.

एक टक्क्याचा हिशोब

प्रकाश किती सारखा हवा, याचा ढोबळ अंदाज विद्यार्थीही काढू शकतील.

समजा, गोळीची त्रिज्या १ मिलिमीटर, म्हणजे १००० मायक्रॉन आहे. ती दाबली जाऊन त्रिज्या तिसाव्या हिश्श्यावर, म्हणजे सुमारे ३३ मायक्रॉनवर यावी अशी अपेक्षा आहे. कवचाचा प्रत्येक तुकडा केंद्राकडे जवळजवळ १००० मायक्रॉन प्रवास करतो. आता एका बाजूच्या तुकड्याचा वेग इतरांपेक्षा १ टक्क्याने जास्त असेल, तर तेवढ्याच वेळात तो १० मायक्रॉन जास्त पुढे जाईल. शेवटच्या गोळ्याची त्रिज्याच ३३ मायक्रॉन! म्हणजे आकारात जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याची चूक झाली. वेगातला फरक ५ टक्के असेल, तर तो तुकडा ५० मायक्रॉन पुढे जाईल, म्हणजे केंद्र ओलांडून पलीकडे पोचेल. तिथे गोळा उरणारच नाही.

सुरुवातीचा लहानसा फरक शेवटी तीसपट होऊन समोर येतो, तो असा. कवचाला बसणारा दाब प्रकाशाच्या तीव्रतेच्या दोन-तृतीयांशाव्या घाताच्या प्रमाणात असतो. त्यामुळे वेगात १ टक्का फरक चालणार असेल, तर तीव्रतेत साधारण दीड टक्का चालेल. म्हणून 'तीव्रतेतील असमानता एक टक्क्याच्या आसपास हवी' असा दंडक या क्षेत्रात रूढ झाला. तुलनेसाठी वर्गातल्या ट्यूबलाइटचा विचार करा. बाकावरचा आणि कोपऱ्यातला प्रकाश यांत दुपटीचा फरक असला, तरी तो आपल्या लक्षातही येत नाही.

उलटा पेला

वरच्या हिशोबात आपण एक गोष्ट गृहीत धरली, की सुरुवातीचा फरक तेवढाच राहतो. प्रत्यक्षात तो वाढत जातो. हे समजण्यासाठी एक जुना प्रयोग नव्या नजरेने पाहू.

पेला पाण्याने काठोकाठ भरा, त्यावर जाड पुठ्ठा ठेवा आणि पुठ्ठ्याला हात लावून पेला उलटा करा. हात काढला तरी पाणी पडत नाही. हवेच्या दाबामुळे ते टिकते, असे आपण वर्गात सांगतो आणि ते खरेच आहे. हवेचा दाब दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलू शकतो. आता पुठ्ठा काढा. पाणी पडते! हवेचा दाब तर तेवढाच आहे. मग पाणी का पडले?

कारण असे, की पाण्याचा खालचा पृष्ठभाग पूर्ण सपाट कधीच नसतो. त्यावर एखादा सूक्ष्म फुगवटा असतो. तिथे पाणी थोडे खाली येते, शेजारी हवा थोडी वर शिरते, त्यामुळे फुगवटा आणखी वाढतो आणि पाहता पाहता पाणी धारांनी कोसळते. पुठ्ठा पाण्याचे वजन पेलत नव्हता. तो पृष्ठभाग सपाट ठेवत होता. पुठ्ठ्याऐवजी पेल्याच्या तोंडावर ओली मलमल ताणून बांधली तरी पाणी टिकते. मलमलीच्या प्रत्येक भोकात पृष्ठताण सुरकुत्यांना वाढू देत नाही. विद्यार्थ्यांकडून हे दोन्ही प्रयोग लागोपाठ करून घ्यावेत.

हलक्या द्रवाने जड द्रवाला ढकलले, की सीमेवरच्या सुरकुत्या वाढतात. या घटनेला लॉर्ड रॅले आणि जी. आय. टेलर यांच्या नावांवरून रॅले-टेलर अस्थिरता म्हणतात. आपल्या गोळीवर तेच घडते : विरळ, तप्त प्लाझ्मा घन, थंड कवचाला आत ढकलत असतो. सुरकुत्यांची वाढ चक्रवाढ व्याजासारखी असते. एखादी सुरकुती प्रवासात आठ वेळा दुप्पट झाली तर २५६ पट होते, दहा वेळा दुप्पट झाली तर १०२४ पट. कवच मात्र प्रवासात कागदासारखे पातळ असते. वाढलेली सुरकुती ते फाडून टाकते, आणि थंड कवचाचे तुकडे मधल्या तापलेल्या इंधनात मिसळून ते विझवतात.

जपानमध्ये ओसाका विद्यापीठातील 'गेक्को-१२' या बारा झोतांच्या लेसरवर १९९० च्या सुमारास प्लॅस्टिकची गोळी सुमारे सहाशे पट घनतेपर्यंत दाबली गेली. मोठेच यश होते ते. पण न्यूट्रॉन मात्र अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाले. गोळी दाबली गेली, पण तिच्या मध्यभागी हवी तशी तप्त ठिणगी पेटली नाही. एकसारखेपणाचा प्रश्न किती गंभीर आहे, ते अशा प्रयोगांनी दाखवून दिले.

सहा दिवे आणि पायथागोरस

आता उपायांकडे वळू. पहिला प्रश्न भूमितीचा आहे : झोत किती घ्यायचे आणि कुठून सोडायचे?

एका चेंडूभोवती सहा दिशांना, म्हणजे पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली, सहा सारखे दिवे दूर ठेवले आहेत असे समजू. प्रत्येकाचा झोत समांतर आणि एकसारखा आहे. दिव्याच्या अगदी समोर असलेल्या बिंदूवर प्रकाश सरळ पडतो. तिथली तीव्रता १ मानू. बिंदू तिरका असेल, तर तोच प्रकाश जास्त जागेवर पसरतो आणि तीव्रता कोनाच्या कोसाइनएवढी होते.

तीन बिंदू तपासू. पहिला, एका दिव्यासमोरचा. त्याला त्या दिव्याकडून १ आणि बाजूच्या दिव्यांकडून शून्य प्रकाश मिळतो, बेरीज १. दुसरा, दोन दिव्यांच्या बरोबर मधला. कोन ४५ अंश, कोसाइन ०.७०७, दोघांची बेरीज १.४१. तिसरा, तीन दिव्यांच्या बरोबर मधला. प्रत्येकाचा कोसाइन ०.५७७, तिघांची बेरीज १.७३. म्हणजे दिवे अगदी सारखे असूनही चेंडूवर काही ठिकाणी ७३ टक्के जास्त प्रकाश पडला! आपल्याला हवा एक टक्का.

आता एक बदल करू. झोत मध्यभागी तेजस्वी आणि कडेला हळूहळू मंद होत जाणारा घेऊ. इतका, की चेंडूवर पडणारी तीव्रता कोसाइनऐवजी कोसाइनच्या वर्गाएवढी व्हावी. पुन्हा बेरीज करा. पहिल्या बिंदूवर १. दुसऱ्यावर अर्धा अधिक अर्धा, म्हणजे १. तिसऱ्यावर तीन वेळा एक-तृतीयांश, म्हणजे पुन्हा १! आणि हे फक्त या तीन बिंदूंपुरते नाही. कोणतीही दिशा एकमेकांना लंब असलेल्या तीन अक्षांशी जे तीन कोन करते, त्यांच्या कोसाइनच्या वर्गांची बेरीज नेहमी १ असते. त्रिमितीतला पायथागोरसचा सिद्धांतच तो. म्हणजे योग्य आकाराचे केवळ सहा झोत घेतले, तर चेंडूवरचा प्रकाश निदान गणितात तरी तंतोतंत सारखा पडतो. हे उत्तर १९८४ साली लेसर-संमीलनाच्या संशोधनात मांडले गेले. दिक्-कोसाइन शिकवताना त्याचा उपयोग कुठे होतो असे कोणी विचारले, तर हे उदाहरण जरूर द्यावे.

मग प्रत्यक्षात सहाच झोत का वापरत नाहीत? कारण गणितातले झोत आणि काचेच्या लेसरमधून येणारे झोत यांत फरक आहे. एखादा झोत दोन-तीन टक्के जास्त शक्तिमान असतो. एखाद्याचा नेम थोडा चुकतो. प्रकाश दहा पिकोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा हजार कोटीव्या भागात, ३ मिलिमीटर जातो. त्यामुळे झोतांच्या मार्गांची लांबी मिलिमीटरांच्या हिशोबात जुळवली नाही, तर ते मागेपुढे पोचतात. शिवाय गोळी लहान होत जाते आणि सुरुवातीला अचूक बसणारा झोत नंतर तिच्या कडेवरून निसटू लागतो. झोत सहाच असतील, तर एका झोताची चूक गोळीच्या मोठ्या भागावर उमटते. पुष्कळ झोत असतील, तर प्रत्येक बिंदूवर अनेकांचा प्रकाश पडतो आणि त्यांच्या चुका काही प्रमाणात एकमेकींना झाकतात.

म्हणून झोतांची संख्या वाढत गेली. १९७७ मध्ये लिव्हरमोरला उभारलेल्या लेसरला वीस झोत होते. अनेक हातांच्या देवतेवरून त्याचे नाव ठेवले गेले 'शिव'. अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाचा 'ओमेगा' लेसर १९८० मध्ये २४ झोतांचा होता. १९९५ मध्ये तो ६० झोतांचा झाला. साठच का? फुटबॉल हातात घ्या. पांढऱ्या षटकोनांचे आणि काळ्या पंचकोनांचे कोपरे मोजा. ते बरोबर ६० भरतात. ओमेगाचे साठ झोत अशाच, किंचित ताणलेल्या फुटबॉलच्या कोपऱ्यांवरून गोळीकडे येतात.

लेसरच्या गुणाचाच दोष

झोतांची रचना अचूक झाली, तरी अर्धेच काम होते. प्रत्येक झोताच्या आतच खडबडीतपणा असतो. तो पाहण्यासाठी वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल.

खोली अंधारी करा. लाल प्रकाशाचा साधा, कमी शक्तीचा लेसर पॉइंटर एका जागी पक्का बसवा. त्यासमोर ट्रेसिंग पेपर धरा आणि त्यातून पसरलेला प्रकाश दीड-दोन मीटरवरच्या पांढऱ्या भिंतीवर पाडा. भिंतीवर नुसता लाल डाग दिसणार नाही. त्यात काळे-तांबडे असंख्य बारीक ठिपके चमकताना दिसतील. त्याच कागदातून टॉर्चचा प्रकाश पाडा, ठिपके नाहीत. आता पुन्हा लेसर लावा आणि कागद हळूहळू सरकवा. ठिपके धावू लागतात. कागद वेगाने हलवा. ठिपके नाहीसे होऊन डाग गुळगुळीत दिसतो! (लेसरचा झोत कोणाच्याही डोळ्यांत जाऊ देऊ नये, आणि समोर आरसा किंवा चकचकीत वस्तू ठेवू नये. प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा.)

ठिपके का पडतात? लेसरच्या लाटा एका तालात चालतात. कागदाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या लाटा भिंतीवरच्या एखाद्या बिंदूवर शिखराला शिखर अशा जुळल्या, तर तिथे उजेड वाढतो. शिखराला दरी भिडली, तर अंधार होतो. टॉर्चच्या प्रकाशातही असेच व्यतिकरण होते, पण त्याच्या लाटांचा ताल इतक्या वेगाने बदलत असतो, की डोळ्याला फक्त सरासरी दिसते. लेसरचा ताल पक्का असतो, म्हणून त्याचे ठिपके जागेवर टिकतात. ज्या शिस्तीसाठी लेसर प्रसिद्ध आहे, तीच इथे नडते.

प्लाझ्मामध्ये ही गोष्ट आणखी बिघडते. जिथे ठिपका तेजस्वी, तिथला प्लाझ्मा बाजूला ढकलला जातो. विरळ झालेला तो भाग भिंगासारखे काम करून आणखी प्रकाश आपल्याकडे ओढतो आणि झोताचे तेजस्वी धागे बनतात. धागे बनण्याच्या या क्रियेचे एक मूलभूत सैद्धांतिक विवेचन १९७३ मध्ये प्रेधिमान कृष्ण काव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. हेच काव पुढे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले.

ठिपके बारीक करा, मग हलवा

उपाय दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी १९८४ साली ओसाकाच्या शास्त्रज्ञांनी दाखवली. झोताच्या वाटेत एक काचेची पट्टी ठेवायची. तिच्यावर हजारो बारीक चौकटी असतात; त्यांतल्या कोणत्याही निम्म्या चौकटी प्रकाशाला अर्ध्या तरंगलांबीने मागे टाकतात. प्रत्येक चौकटीतून निघालेला प्रकाश गोळीवर सारख्याच आकाराचा डाग पाडतो आणि हे हजारो डाग एकमेकांवर पडतात. त्यामुळे झोतातले मोठे उंचवटे आणि खड्डे नाहीसे होतात. पण या हजारो डागांचे आपसांत व्यतिकरण होऊन काही मायक्रॉनचे बारीक ठिपके उरतातच. मोठ्या दोषाची बारीक दोषाशी अदलाबदल झाली, असे म्हणता येईल.

दुसरी पायरी म्हणजे वर्गातला हलता कागद. फक्त इथे सगळे काम नॅनोसेकंदांत आटोपायचे असल्याने काच हलवून भागत नाही. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने १९८३ मध्ये आणि रोचेस्टरने १९८९ मध्ये यासाठी दोन निरनिराळ्या पद्धती मांडल्या. दोन्हींचा गाभा एकच आहे : लेसरचा ताल थोडा मोडायचा. रोचेस्टरच्या पद्धतीत प्रकाशाची वारंवारता किंचित मागेपुढे हलवतात आणि मग तो बारीक समांतर रेघांच्या ग्रेटिंगवरून नेतात. त्यामुळे काचेच्या प्रत्येक चौकटीला किंचित वेगळ्या वारंवारतेचा प्रकाश मिळतो. वेगळ्या वारंवारतेच्या लाटांमधले अंतर क्षणोक्षणी बदलते, आणि ठिपके सतत जागा बदलत राहतात.

याने किती फरक पडतो? ओमेगामध्ये वारंवारतेचा हा पट्टा सेकंदाला एक लक्ष कोटी कंपनांएवढा, म्हणजे एक टेराहर्ट्झ रुंद केलेला आहे. प्रकाशाच्या मूळ वारंवारतेच्या तुलनेत तो साडेआठशेवा हिस्साच आहे. तरी त्यामुळे ठिपक्यांचे चित्र सुमारे दर पिकोसेकंदाला बदलते. एका नॅनोसेकंदात अशी हजार चित्रे एकमेकांवर पडतात. स्वतंत्र चित्रांची सरासरी घेतली, की असमानता त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागली जाते. एका चित्रातली असमानता १०० टक्के धरली, तर हजार चित्रांनंतर ती सुमारे ३ टक्के उरते. झोत दोन लंब ध्रुवीकरणांत विभागला, की ती आणखी दोनाच्या वर्गमुळाने भागली जाऊन २ टक्क्यांच्या किंचित वर येते. एकाच जागी दहाएक झोतांचा प्रकाश पडत असेल, तर दहाच्या वर्गमुळाने भागून ०.७ टक्का. आपण एक टक्क्याच्या खाली आलो! हा हिशोब अर्थात ढोबळ आहे. प्रत्यक्षात सगळे ठिपके इतक्या मोकळेपणाने हलत नाहीत. पण दिशा बरोबर आहे.

जाड बुडाचे भांडे

निसर्गही इथे थोडी मदत करतो. शेगडीच्या ज्योती वेगवेगळ्या असतात, पण जाड बुडाच्या पातेल्यात दूध सहसा एके ठिकाणी करपत नाही; कारण बुडातून वर येईपर्यंत उष्णता आडवी पसरते. गोळीभोवती प्लाझ्माचे आवरण तयार झाले, की प्रकाश त्याच्या बाहेरच्या भागात शोषला जातो आणि उष्णता आवरणातून कवचापर्यंत येईतो बारीक ठिपके पुसले जातात. म्हणूनच मोठ्या दोषाची बारीक दोषाशी केलेली अदलाबदल फायद्याची ठरते.

पण सुरुवातीच्या क्षणी हे आवरण नसते. भांडे अजून पातळ बुडाचेच असते. तेव्हा पडलेला ठिपका कवचावर थेट ठसा उमटवतो, आणि पुढे रॅले-टेलर अस्थिरता त्याच ठशाला वाढवते. त्यामुळे ठिपके पहिल्या क्षणापासून हलते हवेत.

यात एक पेचही आहे. सुरुवातीचे लेसर अवरक्त प्रकाशाचे, सुमारे १.०६ मायक्रॉन तरंगलांबीचे होते. 'शिव'वरच्या प्रयोगांत असे दिसले, की हा प्रकाश प्लाझ्मात अतिवेगवान इलेक्ट्रॉन निर्माण करतो, आणि ते गोळीचे आतले इंधन वेळेआधीच तापवतात. तापलेले इंधन दाबायला कठीण. म्हणून विशिष्ट स्फटिकांतून नेऊन प्रकाशाची तरंगलांबी एक-तृतीयांश, ०.३५ मायक्रॉन करण्यात आली. ती कवचाजवळ जाऊन चांगली शोषली जाते. पण कवचाजवळ शोषली गेल्यामुळेच मधले 'बूड' पातळ झाले! एक अडचण दूर करताना प्रकाश सारखा असण्याची अट आणखी कडक झाली.

दुसरा मार्ग : चुना दिलेली खोली

प्रकाश गोळीवर थेट पाडण्याऐवजी दुसरा मार्गही आहे. चुना दिलेल्या पांढऱ्या खोलीत एकच दिवा लावला, तरी भिंतींवरून परावर्तित होऊन प्रकाश सगळीकडे पसरतो आणि सावल्या फिकट होतात. तसे, गोळी सुमारे एक सेंटिमीटर लांबीच्या सोन्यासारख्या जड धातूच्या नळकांड्यात ठेवतात आणि लेसर नळकांड्याच्या आतल्या भिंतीवर सोडतात. भिंत तापून क्ष-किरण देऊ लागते आणि ते गोळीला सगळीकडून दाबतात. लेसरचे ठिपके भिंतीवरच राहतात.

लिव्हरमोरच्या 'नॅशनल इग्निशन फॅसिलिटी' या १९२ झोतांच्या यंत्रणेत हाच मार्ग वापरला जातो. तिथे २०२२ साली २.०५ मेगाज्यूल लेसर-ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल संमीलन-ऊर्जा मिळाली. पण या मार्गाची किंमतही मोठी आहे. भिंत तापवण्यात आणि नळकांड्याच्या तोंडांतून क्ष-किरण निसटण्यात ऊर्जा जाते. गोळीपर्यंत सुमारे १० ते १५ टक्केच पोचते. आणि एकसारखेपणाचा प्रश्न सुटतो असेही नाही. नळकांड्याची टोके आणि कंबर यांच्याकडून येणारे क्ष-किरण सारखे ठेवण्यासाठी झोतांचा समतोल सतत साधावा लागतो. ८ ऑगस्ट २०२१ च्या प्रयोगात सुमारे १.३ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली होती. तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तेवढी मिळाली नाही. गोळीच्या कवचातले सूक्ष्म दोष बदलले, तरी निकाल बदलतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

हिशोबाची दुसरी बाजू

२०२२ च्या यशाची बातमी विद्यार्थ्यांना सांगताना दोन गोष्टी बरोबर सांगाव्यात, असे आम्हांला वाटते. एक म्हणजे, २.०५ मेगाज्यूल लेसर-प्रकाश निर्माण करायला विजेच्या जाळ्यातून सुमारे ३०० मेगाज्यूल ऊर्जा घ्यावी लागली. वीजकेंद्रासाठी एका गोळीतून लेसर-ऊर्जेच्या निदान काही दशपट ऊर्जा मिळायला हवी, आणि असे बार सेकंदाला अनेक वेळा व्हायला हवेत. लिव्हरमोरला दिवसातून जेमतेम एक-दोन बार होतात. दुसरी गोष्ट, ही यंत्रणा मुख्यतः विजेसाठी बांधलेली नाही. अमेरिकेने १९९२ नंतर अण्वस्त्रांच्या चाचण्या थांबवल्यावर चाचणीशिवाय त्या शस्त्रांचा अभ्यास चालू ठेवणे, हा तिचा प्रमुख हेतू आहे. विज्ञान तेच असले, तरी त्यामागचे हेतू विद्यार्थ्यांना माहीत असावेत.

विजेच्या दृष्टीने पाहिले, तर थेट प्रकाशाचा मार्ग मोहक आहे, कारण त्यात गोळीपर्यंत कितीतरी जास्त ऊर्जा पोचते. २०२४ साली ओमेगा लेसरच्या शास्त्रज्ञांनी थेट मार्गाने दाबलेल्या गोळ्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोळीच्या मध्यभागी तापलेल्या इंधनात जेवढी ऊर्जा होती, तीपेक्षा जास्त संमीलनातून मिळाली. लेसर-ऊर्जेच्या तुलनेत ती अजून फार थोडी आहे. पण ओमेगाची ताकद लिव्हरमोरच्या जेमतेम सत्तराव्या हिश्श्याएवढी, सुमारे ३० किलोज्यूल आहे, हे लक्षात घेता हा टप्पा लहान नाही. याच विद्यापीठात आता आणखी रुंद वारंवारता-पट्ट्याच्या लेसरवर काम चालू आहे. पट्टा जेवढा रुंद, तेवढे ठिपके जलद बदलतात आणि प्लाझ्मातले तेजस्वी धागेही कमी होतात. अडचण अशी, की काचेचे लेसर आणि वारंवारता बदलणारे स्फटिक फार रुंद पट्टा सहजासहजी स्वीकारत नाहीत. क्रिप्टॉन-फ्लोराइड या वायूचे लेसर तो स्वीकारतात, पण त्यांच्या स्वतःच्या वेगळ्या अडचणी आहेत.

लेसरचा शोध १९६० साली लागला, तेव्हा त्याचे कौतुक झाले ते त्याच्या एका तालात चालणाऱ्या लाटांसाठी. या एका कामासाठी मात्र त्याला थोडेसे टॉर्चसारखे वागायला शिकवावे लागते आहे, आणि ते त्याची ताकद न गमावता. भिंतीवरचे धावणारे ठिपके पाहिल्यावर विद्यार्थी विचारतील, 'कागद किती वेगाने हलवला म्हणजे ते दिसेनासे होतात?' त्यांना ते मोजू द्यावे. डोळा सुमारे एक-दशांश सेकंदाची सरासरी घेतो असे धरले, तर उत्तराचा अंदाज वर दिलेल्या वर्गमुळाच्या नियमानेच बांधता येतो.